संगणक कंपन्यांमधला पेटंट खटला कसा वाचावा

एका संगणक कंपनीने दुसरीवर पेटंटचा खटला भरला की बातमीत रकमेचा आकडा ठळक असतो, पेटंटचा क्रमांक मात्र नसतो. वाचायला सुरुवात करायची ती त्या क्रमांकापासून. पुढची पद्धत अमेरिकेतल्या खटल्यांसाठी आहे, कारण एचपी, गेटवे, एसर यांची मोठी भांडणं तिथेच लढली गेली.

क्रमांकासाठी आधी मूळ तक्रार, म्हणजे वादीने कोर्टात दिलेला पहिला कागद, मिळवा. फेडरल कोर्टांची कागदपत्रं पेसर या सरकारी यंत्रणेवर असतात. दर पानाला १० सेंट, आणि एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर. तिमाहीचं बिल ३० डॉलरपर्यंतच राहिलं तर ते माफ होतं. तक्रारीला पेटंटच्या प्रती जोडलेल्या असतात, त्यांच्यावर पैसे घालवू नका. गूगल पेटंट्सवर त्या फुकट मिळतात.

पेटंट हातात आलं की सारांश आणि आकृत्या ओलांडून थेट शेवटी जा. तिथे क्रमांक घातलेले क्लेम असतात आणि हक्क तेवढ्याच शब्दांपुरता असतो. 'क्ष कंपनीकडे लॅपटॉप थंड ठेवण्याचं पेटंट आहे' ही बातमीतली भाषा झाली, कोर्टात ती चालत नाही.

समजा, क्लेम १ असा आहे: एक पोर्टेबल संगणक, ज्यात तापमानाचा सेन्सर आहे, पंखा आहे, आणि असा कंट्रोलर आहे जो तापमान पहिल्या मर्यादेवर गेलं की प्रोसेसरचा वेग उतरवतो व त्याहून वरच्या दुसऱ्या मर्यादेवर पंखा सुरू करतो. कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे क्लेमचा एकेक तुकडा, उजवीकडे प्रतिवादीच्या यंत्रातला पुरावा: सर्व्हिस मॅन्युअलचं पान, चिपची डेटाशीट, प्रत्यक्ष मोजलेलं तापमान. डावीकडचा प्रत्येक तुकडा यंत्रात सापडला तरच उल्लंघन. प्रतिवादीच्या लॅपटॉपमध्ये आधी पंखा फिरत असेल आणि वेग नंतर उतरत असेल, तर तिसरी ओळ शब्दशः रिकामी राहते. उलट, त्यात जादा दोन पंखे आणि कॅमेरा आहे म्हणून सहसा सुटका होत नाही.

वादी मग म्हणतो, क्रम वेगळा असला तरी काम तेच, म्हणजे यंत्र समतुल्य आहे. इथे पेटंटची फाइल, म्हणजे अर्जदार आणि पेटंट ऑफिस यांच्यातला पत्रव्यवहार, उघडायची. पेटंट ऑफिसच्या पेटंट सेंटरवर ती फुकट दिसते. परीक्षकाने पहिला अर्ज नाकारल्यावर 'आधी वेग, मग पंखा' ही अट अर्जदारानेच घातली असेल, तर तेव्हा सोडलेला भाग समतुल्यतेच्या नावाखाली सहसा परत मागता येत नाही. हे बाड कंटाळवाणं असतं म्हणून बहुतेक जण टाळतात. आमच्या मते वेळ घालवायचा तर तो इथेच.

सर्रास होणारी चूक म्हणजे दोन कंपन्यांची यंत्रं शेजारी ठेवून तुलना करणं. तुलना क्लेमची आणि प्रतिवादीच्या यंत्राची असते. वादी स्वतः तसं यंत्र विकत नसला तरी कोर्टात खटला चालतो.

तक्त्यात तिसरा रकाना जोडा: हा भाग कुणाचा? एलजीने क्वांटा व इतर संगणक निर्मात्यांवर खटला भरला, पण त्यांच्या चिप इंटेलच्या होत्या आणि इंटेलकडे एलजीचा परवाना होता. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की अशा अधिकृत विक्रीनंतर त्या चिपवर एलजीचा पेटंट हक्क उरत नाही. क्लेमचा गाभा मात्र निर्मात्याच्या स्वतःच्या बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, असेल तर ही ढाल उपयोगाची नाही.

आता तारखा. तक्रार बजावल्यावर उत्तराला २१ दिवस असतात, पण मुदतवाढ सहसा मिळते. न चुकवण्याची मुदत एकच: पेटंटची वैधता पेटंट ऑफिसच्या मंडळापुढे इंटर पार्टेस रिव्ह्यूने तपासून घ्यायची असेल, तर बजावणीपासून १ वर्षात अर्ज हवा. त्यात आधार म्हणून फक्त जुनी पेटंटं आणि छापील प्रकाशनं चालतात. त्यामुळे जुना लॅपटॉप नेऊन भागत नाही, त्याचं तारीख असलेलं मॅन्युअल लागतं. भरपाई खटल्याआधीच्या जास्तीत जास्त ६ वर्षांची. पेटंटची मुदत संपलेली असली तरी मुदतीत झालेल्या विक्रीचे पैसे मागता येतात, विक्रीबंदी मात्र नाही.

तीच तक्रार आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगात, म्हणजे आयटीसीतही गेली आहे का, ते बघा. तिथे पैसे मिळत नाहीत, मालाची आयात थांबते. आशियात जोडलेले लॅपटॉप विकणाऱ्याला हा मार जास्त लागतो. वादीला मात्र त्या पेटंटशी निगडित उद्योग अमेरिकेत असल्याचं दाखवावं लागतं, आणि अनेक तक्रारी तिथेच अडखळतात.

मग प्रतिदावा वाचा, त्याच तक्त्याने. माल न विकणाऱ्या पेटंटधारकावर उलट वार करता येत नाही, प्रतिस्पर्ध्यावर येतो, आणि तडजोडीचा भाव त्यावरून ठरतो. एचपीने मार्च २००४ मध्ये गेटवेवर खटला भरला, गेटवेने उलटा भरला. २००६ मध्ये गेटवेने ४.७ कोटी डॉलर द्यायचे आणि दोघांनी ७ वर्षं एकमेकांची पेटंटं वापरायची, असं ठरलं. एचपीने मार्च २००७ मध्ये टेक्सासात एसरवर भरलेला खटला जून २००८ मध्ये मिटला, पण अटी जाहीर झाल्या नाहीत.

डॉकेटवर, म्हणजे कोर्टाच्या नोंदयादीत, दोन्ही पक्षांच्या संमतीने खटला काढून टाकल्याची नोंद दिसली की कोर्टाचे कागद संपले. रक्कम शोधायची ती एडगर या सरकारी संकेतस्थळावर, कंपनीने सिक्युरिटीज आयोगाला दिलेल्या तिमाही व वार्षिक अहवालांत. 'कायदेशीर कार्यवाही' हा विभाग आणि ताळेबंदाखालच्या टिपा बघा. सापडलेला आकडा म्हणजे त्या पेटंटची किंमत नव्हे. दोन्हीकडचे परवाने एकमेकांत वळते केल्यावर जी बाकी उरते, तेवढीच तिथे दिसते.