रोवणीआधी अझोला वाढवून ठेवा

धानाचे पऱ्हे (रोपवाटिका) टाकल्यापासून रोवणीपर्यंत, म्हणजे रोपे बांधीत (धानाच्या शेतात) लावेपर्यंत, साधारण तीन आठवडे मिळतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या धानपट्ट्यात अझोल्याचा, म्हणजे धानाला नत्र (नायट्रोजन) देणाऱ्या पाणवनस्पतीचा, खड्डा करायचा तो याच दिवसांत. उन्हाळ्यात आपल्याकडे तो तग धरत नाही. 35 अंशांच्या वर त्याची वाढ खुंटते.

अझोला हे पाण्यावर तरंगणारे नेचे (फर्न) आहे. नेच्यांना फूल नाही, बी नाही. जंगलातल्या नेच्यांच्या पानांमागे तपकिरी ठिपके दिसतात, त्यांत बीजाणू असतात. अझोल्यालाही बीजाणू येतात, पण तो वाढतो मुख्यतः तुटून. मोडलेल्या फांदीचे नवे रोप होते. म्हणून कोरड्या पुडीच्या नादी लागू नका, जिवंत हिरवा अझोलाच आणा.

त्याचे पान मात्र नीट समजून घ्या. इवल्याशा पानाला दोन पाळ्या असतात. खालची पातळ, पाण्याला टेकलेली. वरची जाड, हिरवी, आत पोकळी असलेली. त्या पोकळीत अ‍ॅनाबिना हे निळे-हिरवे सूक्ष्म शेवाळ राहते आणि हवेतला नत्र धरते. हा नत्र बहुतांशी अझोल्यातच राहतो, अझोला कुजल्यावरच धानाला मिळतो. बांधीत नुसता तरंगता ठेवून युरिया कमी केलात तर फसाल.

मुळे पाण्यातच लोंबतात, त्यामुळे स्फुरदही (फॉस्फरस) पाण्यातूनच द्यावा लागतो. सावली असूनही पाने लालसर झाली तर बहुधा स्फुरद कमी पडला आहे.

झाडाच्या विरळ सावलीत सव्वादोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, 20 सेंमी खोल खड्डा करून प्लास्टिक अंथरा. त्यात 10 ते 15 किलो चाळलेली माती, 2 किलो शेण आणि 30 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेटचा काला टाका, 10 सेंमी पाणी ठेवा, वर किलोभर अझोला सोडा. आठवडा-दहा दिवसांत खड्डा भरतो. दर पाच दिवसांनी 1 किलो शेण, 20 ग्रॅम सुपर फॉस्फेट द्या.

एवढ्याने हेक्टरभर धान भागत नाही, तिथे सुमारे 500 किलो लागतो. पाऊस बसला की बांधीचा एक कोपरा धुरे (मातीचे छोटे बांध) घालून वेगळा करा आणि तिथे तो वाढवा. रोवणीनंतर आठवड्याने उथळ पाण्यात पसरा. दाट थर झाला की पाणी उतरवून कोनोविडरने (हाताने ढकलायच्या निंदणी यंत्राने) चिखलात दाबा. मुसळधार पावसात पाण्याची वाट सांभाळा, नाहीतर सगळा वाहून जाईल.

उरलेला अझोला मामा (माजी मालगुजारी) तलावात किंवा बोडीत (छोट्या तळ्यात) टाकू नका. थर साचला की खालच्या पाण्यातला प्राणवायू घटतो, मासळी मरते. त्यापेक्षा शेणाचा वास जाईपर्यंत धुवा आणि ढेपेत मिसळून गाईम्हशींना घाला.