ड्रिलिंग बंदुकीची साइट उठत नव्हती, असं सुटलं

जुनी जर्मन ड्रिलिंग, म्हणजे तीन नळ्यांची शिकारी बंदूक: वर छर्‍याच्या 16 गेजच्या दोन नळ्या, खाली 9.3×72आर काडतुसाची रायफल. सिलेक्टर (कोणती नळी उडवायची ते ठरवणारा खटका) पुढे ढकलला की रिबवरची, म्हणजे नळ्यांवरच्या पट्टीवरची, साइट (नेम धरायचं पान) आपोआप उभी राहायला हवी, ती अर्धवट उठून अडायची. वरून तेल मारलं, पानाखालची स्प्रिंग साफ केली, फरक शून्य, वैताग नुसता.

जमलं ते असं: तिन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना ते बघा, फोरएंड (नळ्यांखालचा लाकडी भाग) काढा, नळ्या वेगळ्या करा. नळ्यांच्या मागच्या टोकाला छोटी पिन दिसते, ती लाकडी काडीने दाबा. तरीही साइट अडली तर दोष तिला उचलणाऱ्या रिबमधल्या दांडीत, सिलेक्टर खोलत बसू नका. नळ्या तोंड खाली करून उभ्या ठेवा, पिनेशी पेनिट्रेटिंग ऑइल (फटीत शिरून अडकलेलं सोडवणारं तेल) सोडा, रात्रभर मुरू द्या, मग पिन दाबत-सोडत राहा, वाळलेलं तेल डिंकासारखं काळं बाहेर येतं, ते थांबेपर्यंत. पुसून पातळ तेलाचा एकच थेंब. ग्रीस अजिबात नको, थंडीत आखडतं.