सार्वजनिक धोरणात पदव्युत्तर शिक्षण: प्रवेशापूर्वी आणि प्रवेशानंतर

सार्वजनिक धोरण, म्हणजे सरकारी निर्णय कसे होतात आणि कसे राबवले जातात याचा अभ्यास. त्यातील पदव्युत्तर पदवीविषयी विचारणा करणाऱ्या विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न बहुधा स्पर्धा परीक्षेचा असतो. लोकसेवा आयोगाची तयारी चालू राहावी, जोडीला एक पदवीही पदरात पडावी, असा हिशेब त्यामागे असतो. या पदवीमुळे शासनातील कोणत्याही पदावर थेट नियुक्तीचा हक्क मिळत नाही, हे आधी स्पष्ट असावे. शिवाय अभ्यासक्रमात वाचन, लेखन आणि क्षेत्रकार्य इतके असते की दोन्ही गोष्टी एका वेळी मनापासून करणे फार थोड्यांना जमते. ज्यांच्या मनात शेती, शाळा, आरोग्य, शहरातील घनकचरा अशा एखाद्या क्षेत्राविषयीचा प्रश्न आधीपासून घर करून आहे, त्यांना हे शिक्षण लाभते, असे माझे मत आहे.

माझा प्रश्न पाण्याचा होता. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर मी ग्रामीण पाणीपुरवठा योजनांचे आराखडे करण्याच्या कामात होते. जलवाहिनीचा व्यास, टाकीची उंची, पंपाची क्षमता यांचे गणित बरोबर असूनही काही योजना लवकरच बंद पडत, कारण पंपाचे वीजबिल भागेल इतकी पाणीपट्टी ग्रामपंचायतीकडे जमा होत नसे. ती का जमा होत नाही, दर कोण ठरवते, थकबाकीदारावर कारवाई करण्याचे अधिकार असूनही ते का वापरले जात नाहीत, यांची उत्तरे आराखड्यात सापडण्यासारखी नव्हती. प्रवेशाच्या स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये, म्हणजे हे शिक्षण का घ्यायचे ते सांगणाऱ्या अर्जासोबतच्या निवेदनात, मी जवळपास एवढेच मांडले. देशसेवेची इच्छा आणि समाज बदलण्याची तळमळ यांवर अर्धे पान खर्च करणारे अर्ज पुष्कळ येतात. नेमका प्रश्न मांडणारा अर्ज लक्षात राहतो.

संस्था निवडताना नावापेक्षा अनिवार्य विषयांची यादी बारकाईने पाहावी. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात २०१४ पासून धोरणाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि तेथे कायदा व घटनात्मक संस्था यांकडे कल असणे स्वाभाविक आहे. आयआयटी मुंबई आणि आयआयटी दिल्ली येथे तंत्रज्ञानाशी निगडित धोरणांना अधिक जागा मिळते, तर टाटा समाजविज्ञान संस्थेच्या हैदराबाद केंद्रातील अभ्यासक्रमावर सामाजिक शास्त्रांची छाप आहे. प्रवेशपरीक्षेचे स्वरूप आणि शुल्क बदलत राहते, म्हणून त्या त्या वर्षीचे माहितीपत्रकच प्रमाण मानावे. मी आणखी एक सुचवेन: तुमच्या विषयावर तेथील कोणत्या प्राध्यापकांनी अलीकडे संशोधन प्रसिद्ध केले आहे, हे शोधावे. असे कोणीच नसेल तर प्रबंधाच्या वेळी मार्गदर्शनाची ओढाताण होते.

पहिल्या सत्रात सूक्ष्म अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, सार्वजनिक वित्त आणि राज्यघटना यांची गर्दी असते. कला शाखेचे विद्यार्थी संख्याशास्त्राला घाबरतात, पण ते मेहनतीने आवाक्यात येते. आम्हा अभियंत्यांची अडचण लेखनाची होती. मंत्र्याने किंवा सचिवाने दहा मिनिटांत वाचून निर्णय घ्यावा, अशी दोन पानी टिप्पणी लिहिणे हे वीस पानी निबंधापेक्षा कितीतरी अवघड असते. त्यात समस्या, पर्याय, प्रत्येक पर्यायाचा खर्च, कोणाचा विरोध होईल आणि तुमची शिफारस, एवढे सगळे मावावे लागते.

या अभ्यासाची पद्धत कशी असते, हे महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेवरून चांगले कळते. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली ही कल्पना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोहोचली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यापुढे तिचाच अनुभव होता. शाळेत आपण इथवर शिकतो. धोरणाच्या वर्गात पुढचा प्रश्न पैशाचा येतो. महाराष्ट्रातील नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याने आला तो याच योजनेसाठी, म्हणजे शहरी पगारदार आणि ग्रामीण मजूर यांना राज्याने एका हिशेबात बांधले. राजकीयदृष्ट्या हे कसे साधले, यावरच एक तास सहज जातो. त्यानंतर मजुरीचा प्रश्न. १९८८ मध्ये योजनेची मजुरी जवळपास दुप्पट झाली आणि पुढे कामावरची हजेरी मात्र घटली. मजुरी वाढल्यावर मागणारे वाढायला हवेत, मग हजेरी का घटली? लोकांची गरज कमी झाली, की खर्च आवरण्यासाठी यंत्रणेने कामे काढण्यातच हात आखडता घेतला? हजेरीचा एकच आकडा दोन्ही बाजूंनी वाचता येतो, आणि दुसरे स्पष्टीकरण खरे असेल तर कायद्यातली हमी कागदावर तशीच राहून प्रत्यक्षात पातळ झाली, असा त्याचा अर्थ होतो. त्यावर अर्थतज्ज्ञांनी केलेली आकडेमोड वाचताना मला प्रतिगमनाचे (रिग्रेशन), म्हणजे एका गोष्टीतील बदलाचा दुसरीशी असलेला संबंध आकड्यांतून मोजण्याचे तंत्र पहिल्यांदा खऱ्या अर्थाने समजले. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांवरून ते समजले नव्हते.

मराठी वाचकांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. शेती, सार्वजनिक आरोग्य, पाणी, पोलीस, स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीतले आहेत आणि आपल्या राज्यात त्यांचा कारभार मराठीतून चालतो. शासन निर्णय, म्हणजे सगळे ज्याला जीआर म्हणतात तो, शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असतो. त्यातली ‘वाचा’खालची संदर्भसूची, प्रस्तावना, अटी आणि शेवटचे लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कोणत्या खात्यावर पडणार ते सांगणारी नोंद, ओळीने वाचता येणे हे कौशल्य इंग्रजी माध्यमातून आलेल्या अनेक हुशार सहाध्यायांकडे नव्हते. तेच अर्थसंकल्पाबाबत. भाषणात जाहीर झालेली रक्कम, पुढच्या अर्थसंकल्पात दिसणारा त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि त्यानंतर दिसणारा प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे एकाशेजारी एक ठेवले की एखाद्या योजनेचे खरे स्थान कळते. प्रवेशापूर्वीच्या रिकाम्या महिन्यांत कोणतेही जाडजूड पुस्तक वाचण्यापेक्षा आपल्या विषयाचे दहा-पंधरा जीआर, राज्याची आर्थिक पाहणी आणि महालेखापरीक्षकांचा एखादा अहवाल वाचावा.

क्षेत्रकार्यासाठी शक्यतो असे ठिकाण निवडावे, जिथे वर्गातला सिद्धांत तपासून पाहता येईल. अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये सामायिक संसाधनांच्या, म्हणजे जंगल, पाणी अशा सर्वांच्या वापरातील गोष्टींच्या व्यवस्थापनावरील कामासाठी अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबू विकण्याचा अधिकार प्रत्यक्षात वापरायला २०११ उजाडावे लागले. कायद्याने मिळालेला हक्क आणि बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना यांच्यामधली ती दोन वर्षे हा धोरणाच्या विद्यार्थ्याचा खरा विषय आहे.

परदेशी शिक्षणाविषयी थोडक्यात. अमेरिकेत हा अभ्यासक्रम सहसा दोन वर्षांचा असतो, ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी एका वर्षात पूर्ण होतो. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. भारतातील शासकीय व्यवस्थेतच काम करायचे असेल, तर मोठे कर्ज काढून परदेशी जाणे मला व्यवहार्य वाटत नाही, कारण येथील सुरुवातीच्या पगारातून परदेशी शिक्षणाचे हप्ते फेडणे कठीण जाते.

नोकऱ्या प्रामुख्याने संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, कंपन्यांचे सामाजिक जबाबदारीचे (सीएसआर) विभाग आणि शासनाला सल्ला देणाऱ्या कंपन्या यांत मिळतात. खासदारांसोबत काम करायचे असेल तर संसद आणि विधिमंडळांच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे. २०१५ मध्ये सुरू झालेली आणि मध्ये खंड पडून पुन्हा चालू झालेली मुख्यमंत्री फेलोशिप राज्य प्रशासन आतून दाखवते आणि तिला मराठीचे ज्ञान आवश्यक असते. सल्लागार कंपन्या अनेकदा मंत्रालयातील किंवा जिल्ह्यातील प्रकल्प व्यवस्थापन कक्षात नेमणूक देतात. तेथे काम शासनाचे, नियुक्तिपत्र कंपनीचे आणि मुदत प्रकल्पाच्या निधीइतकी असते. मुलाखतीत हा निधी कोणत्या तारखेपर्यंत मंजूर आहे आणि अहवालावर तुमचे नाव असणार का, हे दोन प्रश्न संकोच न करता विचारावेत.