शर्यतीची तयारी: जिम, धावणं आणि विश्रांतीचा आठवडा कसा बांधायचा

सरावाचं वेळापत्रक आखायला बसलात की आधी हलके दिवस कुठे येणार ते ठरवा. बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात. धावण्याचे चार दिवस लिहितात, उरलेल्या जागी जिमचे तीन दिवस भरतात, आणि विश्रांतीला जे शिल्लक राहील ते. चार आणि तीन सात, शिल्लक काहीच राहत नाही. पहिले दोन आठवडे उत्साहात निघून जातात. मग पाय जड होतात, झोप तुटक होते आणि सगळंच मधल्या जोराने होऊ लागतं: धावणं धड वेगात नाही, धड सावकाश नाही, वजनंही मध्यमच. एवढं करून ना वेग वाढत, ना ताकद.

मी अर्धमॅरेथॉनची, म्हणजे सुमारे 21 किलोमीटरच्या शर्यतीची, तयारी करणाऱ्यांना शिकवते आणि स्वतःही धावते. माझ्या सगळ्या सांगण्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. धावण्याचा थकवा आणि वजनांचा थकवा यांची शरीर वेगवेगळी खाती ठेवत नाही. दोन्ही खर्च एकाच खात्यातून जातात, ऑफिसचा ताण आणि अपुरी झोपही त्यातच मोडतात. त्यामुळे दोन कठीण कामं करायचीच असतील, तर ती एकाच दिवशी उरका आणि पुढचा दिवस खरोखर हलका ठेवा.

हे पहिल्यांदा ऐकणारे बिचकतात. सकाळी इंटरव्हल (थोडा वेळ वेगात धावायचं, मधे दम घ्यायचा, पुन्हा वेगात) आणि त्याच संध्याकाळी स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठका)? पण दुसरा पर्याय काय आहे ते बघा. मंगळवारी इंटरव्हल, बुधवारी पायांचं जिम, गुरुवारी टेम्पो, म्हणजे बराच वेळ एकाच दमदार वेगात धावणं. सलग तीन दिवस त्याच मांड्या आणि त्याच पोटऱ्या ओढल्या जातात, आणि दुरुस्तीला एकदाही पूर्ण दिवस मिळत नाही. दोन्ही कामं मंगळवारी केली तर मंगळवार अवघड जातो हे खरं, पण बुधवार आणि गुरुवार दोन्ही मोकळे होतात. जड वजनांनंतरचं अंग दुखणं साधारण एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचतं आणि मग उतरतं. मंगळवारची वजनं रविवारच्या लाँग रनपर्यंत, म्हणजे आठवड्यातल्या सर्वांत लांब धावण्यापर्यंत, पायांतून निघून गेलेली असतात. शुक्रवारची नसतात.

माझ्या वहीतला आठवडा असा असतो. सोमवारी काहीच नाही. मंगळवारी सकाळी वेगाचं धावणं, संध्याकाळी पायांचं जड जिम. बुधवारी सुट्टी किंवा अर्धा तास चालणं. गुरुवारी पाऊण तास सावकाश धावणं आणि लगेच छोटं जिम: पाठ, खांदे, पोट आणि पोटऱ्या. शुक्रवारी सावकाश पाच-सहा किलोमीटर, आणि शरीर नको म्हणत असेल तर तेही नाही. शनिवारी वीस मिनिटं हलकं धावणं, शेवटी चार-पाच स्ट्राइड्स, म्हणजे पंधरा-वीस सेकंद मोकळ्या पायांनी वेग घ्यायचा आणि मग पूर्ण थांबायचं. रविवारी लाँग रन. वार तुमच्या सोयीने बदला. दोन कठीण दिवसांमधलं अंतर मात्र राखा.

दोन्ही एकाच दिवशी करताना मध्ये सहा तास तरी जाऊ द्या आणि त्या वेळात नीट जेवा. दिवसात एकदाच वेळ मिळत असेल तर आधी धावा, मग वजनं उचला. शर्यत धावायची आहे, त्यामुळे ताजे पाय धावण्याला मिळायला हवेत. शिवाय स्क्वॉटने थकलेल्या पायांनी वेगात धावताना पाऊल टाकण्याची पद्धत बिघडते, आणि तीच बिघडलेली पद्धत शेकडो वेळा गिरवली जाते.

जिममुळे धावणं मार खाईल का, हा प्रश्न प्रत्येक नवीन धावक विचारतो. या विषयावरचा सर्वांत गाजलेला प्रयोग रॉबर्ट हिक्सन यांनी 1980 साली प्रसिद्ध केला. दहा आठवडे एका गटाने फक्त ताकदीचा सराव केला, दुसऱ्याने फक्त दमश्वासाचा, तिसऱ्याने दोन्ही. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सहा-सात आठवडे वाढली, मग थांबली आणि शेवटी घसरली. लोक इथेच वाचायचं थांबतात. त्याच तिसऱ्या गटाची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता फक्त दमश्वासाचा सराव करणाऱ्यांइतकीच वाढली होती. म्हणजे फटका बसला तो ताकदीला, दमश्वासाला नाही. आणि ती माणसं आठवड्यातून पाच दिवस पायांची वजनं आणि सहा दिवस दमश्वासाचा जोरदार सराव करत होती! तुम्हाला आठवड्यातून दोनदाच जिमला जायचं आहे.

उलट, फायदा बराच आहे. 2008 साली नॉर्वेतल्या एका प्रयोगात मुरलेल्या धावकांनी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, चार रेप्सचे चार सेट (सलग चारदा करायचं, मग विश्रांती, असं चार वेळा) असे जड अर्ध-स्क्वॉट केले. ठरावीक वेगाने धावायला लागणारा ऑक्सिजन साधारण पाच टक्क्यांनी कमी झाला आणि शरीराचं वजन वाढलं नाही. मांड्या फुगतील आणि वेग कमी होईल या भीतीने जिम टाळणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

जिममध्ये नेमकं काय करायचं

कमी व्यायाम, जड वजन, मधे भरपूर विश्रांती. हलकी वजनं घेऊन वीस-पंचवीस रेप्स, एकामागून एक, घाम निथळेपर्यंत करायचे, कारण ‘धावकाला सहनशक्ती हवी’, हा सल्ला मला अजिबात पटत नाही. सहनशक्ती रस्त्यावर मिळतेच आहे. जिममधून आपल्याला धावून न मिळणारी गोष्ट हवी, ती म्हणजे निव्वळ ताकद. हलक्या वजनांच्या लांबलचक सेट्सनी थकवा पूर्ण येतो, ताकद मात्र फारशी वाढत नाही.

मंगळवारी मी स्क्वॉटचे पाच रेप्सचे तीन सेट करते, मग रोमानियन डेडलिफ्टचे (कंबरेतून पुढे झुकून हातातलं वजन खाली नेऊन वर आणायचं) सहाचे तीन, मग एक पाय पुढे, एक मागे ठेवून केलेले स्प्लिट स्क्वॉट आणि शेवटी पोटऱ्या. सेटच्या मधे दोन ते तीन मिनिटं शांत बसायचं. प्रत्येक सेट संपताना ‘अजून दोन सहज झाले असते’ असं वाटलं पाहिजे. शेवटचा रेप थरथरत, दात आवळून काढण्यात शर्यतीसाठी काहीच मिळत नाही, दुरुस्तीचा काळ तेवढा लांबतो. वॉर्म-अप धरून पंचेचाळीस मिनिटांत सगळं संपतं.

पोटऱ्यांकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर सांगते. धावताना प्रत्येक पावलाला पोटरीवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, आणि तो बराचसा सोलिअस या आतल्या, चपट्या स्नायूवर येतो. गुडघा सरळ ठेवून टाच उचलली की वरचा, दिसणारा स्नायू जास्त काम करतो. गुडघा वाकवून, म्हणजे बसून मांडीवर वजन ठेवून टाच उचलली की सोलिअसची पाळी येते. दोन्ही करा. आठ ते बारा रेप्सचे तीन सेट, सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. लाँग रनच्या शेवटच्या किलोमीटरांत पाऊल जड आपटू लागतं, तेव्हा फुफ्फुसांना बोल लावण्याआधी पोटऱ्या तपासा. टाचेमागची शीर वारंवार कुरकुरणाऱ्यांनी तर हा व्यायाम कधीच वगळू नये.

जिमची सुरुवात सरावाच्या पहिल्या आठवड्यापासून करा, शर्यत महिन्यावर आल्यावर नको. नव्या व्यायामाने पहिल्यांदा अंग खूप दुखतं, दुसऱ्यांदा त्याच वजनाला बरंच कमी. शरीर तेवढ्या लवकर तयार होतं. ते सुरुवातीचं दुखणं आठ किलोमीटरच्या लाँग रनच्या आठवड्यात परवडतं, अठरा किलोमीटरच्या आठवड्यात परवडत नाही. शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत धावणं वाढेल, तेव्हाही पायांचं जिम आठवड्यातून एकदाच ठेवा. सेट कमी करा, वजन कमी करू नका. कमावलेली ताकद टिकवायला कमावण्यापेक्षा खूपच कमी काम लागतं.

हलका दिवस हलकाच

सगळा आराखडा ढासळतो तो इथे. सावकाश धावण्याच्या दिवशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, दोन-तीन शब्दांनंतर दम घ्यावा लागता कामा नये. माझा शर्यतीचा वेग किलोमीटरला 5 मिनिटं 50 सेकंद आहे, आणि गुरुवारी मी 7 मिनिटांहून सावकाश धावते. चढ आला किंवा ऊन तापलं तर त्याहूनही सावकाश. शेजारून कोणी पुढे गेलं तर जाऊ द्या, त्यांचा मंगळवार असेल. घड्याळाकडे बघितल्याशिवाय राहवत नसेल तर त्या दिवशी घड्याळ घरी ठेवा.

झोप सात तासांच्या खाली जाऊ देऊ नका, सरावाचा भार वाढेल तसं साडेसात-आठवर न्या. रात्री चारच तास झोप मिळाली असेल तर सकाळचे इंटरव्हल रद्द. माझ्याकडे सराव करणारी एक जण रुग्णालयात रात्रपाळी करते. तिच्यासाठी आम्ही सात दिवसांचा आठवडा सोडून दिला आणि नऊ दिवसांचं चक्र केलं. रात्रपाळीनंतरचा दिवस फक्त झोपेचा आणि चालण्याचा, कठीण काम दोन दिवसपाळ्यांच्या मधे. सात दिवसांचा हट्ट कॅलेंडरचा आहे, स्नायूंना वार कळत नाहीत. वय चाळिशीच्या पुढे असलेल्यांनाही हे लांबलेलं चक्र मानवतं असा माझा अनुभव आहे.

खाण्यात कंजूषी करू नका. दोन्ही प्रकारचा सराव करणाऱ्याला दिवसाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे 1.4 ते 2 ग्रॅम प्रथिनं लागतात. 60 किलोच्या माणसाला 84 ते 120 ग्रॅम, दिवसभरात तीन-चार भागांत विभागून. कर्बोदकं कठीण दिवशी आणि लाँग रनच्या आदल्या दिवशी वाढवा. धावणं दीड तासाच्या पुढे जाणार असेल तर ताशी 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं धावता धावताच घ्यायची सवय करा, शर्यतीच्या दिवशी पोट पहिल्यांदाच तो प्रयोग करणार नाही हे बघा. शर्यतीच्या निमित्ताने वजनही उतरवू या, हा विचार मला खरोखर काळजीत टाकतो. सराव वाढवायचा आणि खाणं कमी करायचं, यातून हाडं कमकुवत होतात. बायकांची पाळी लांबू लागली किंवा बंद झाली तर ‘खूप सराव केला की होतं असं’ म्हणून सोडून देऊ नका. शरीराला पुरेसं अन्न मिळत नसल्याची ती खूण असू शकते, डॉक्टरांना भेटा.

स्ट्रेचिंग आणि फोम रोलर बरं वाटत असेल तर जरूर करा, झोपेची जागा ते घेत नाहीत. बर्फाच्या पाण्यात बसणं मात्र जिमच्या दिवशी टाळा. वजनं उचलल्यावर लगेच शरीर थंड करण्याची सवय लागली तर स्नायूंची वाढ मंदावते.

आठवडा फिसकटला तर काय सोडायचं, हा क्रम आधीच ठरवून ठेवा. सगळ्यात आधी गुरुवारचं छोटं जिम सोडा. मग शुक्रवारचं धावणं. मग मंगळवारच्या जिममधला एकेक सेट. लाँग रन शेवटपर्यंत राखा. राहून गेलेलं काम पुढच्या दिवशी भरून काढायला जाऊ नका, ते गेलं ते गेलं. आणि दर चौथ्या आठवड्यात सगळं काही न बिघडताही धावण्याचे किलोमीटर पाव हिश्शाने आणि जिमचे सेट निम्म्याने कमी करा.

दुखण्याचा फरक ओळखायला शिका. दोन्ही मांड्यांत सारखं पसरलेलं, चालायला लागल्यावर सैल होणारं दुखणं चालतं. एकाच पायात, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी, धावताना वाढत जाणारं दुखणं चालत नाही. नडगीच्या किंवा पावलाच्या हाडावर असा एक बिंदू दुखत असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर हाडाला चीर गेल्याची शंका घ्या, धावणं त्याच दिवशी थांबवा आणि तपासून घ्या.

शर्यतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत किलोमीटर जवळपास निम्म्यावर आणा, पण वेगाचे छोटे तुकडे ठेवा. फक्त सावकाश धावत राहिलं तर पाय सुस्तावतात. शेवटचं जड पायांचं जिम शर्यतीच्या आठ-दहा दिवस आधी. त्यानंतर एकदा हलक्या वजनांनी त्याच हालचाली करा, बस्स. शर्यतीनंतरचा पहिला आठवडा पायांवर वजन घेऊ नका, चाला, पोहा, भरपूर झोपा. दुसऱ्या आठवड्यात स्क्वॉट पूर्वीच्या निम्म्या वजनाने सुरू करा, आणि जिने उतरताना मांड्या अजून बोलत असतील तर तेही आणखी चार दिवस पुढे ढकला.