बॉल पायथन खात नाही? आधी उंदराचं डोकं तापवा

पाळलेल्या बॉल पायथन सापाचा तीन आठवडे उपास झाला की जबडा उघडून उंदीर कोंबायचा, हा सल्ला सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि सगळ्यात जास्त नुकसानही तोच करतो. घसा सोलवटतो, साप बिथरतो, आणि आत गेलेलं बहुधा उलटून बाहेर येतं. दूध पाजायचा सल्ला देणारे नातेवाईकही भेटतील. त्यांना नागपंचमीपुरतंच ठेवा.

(धामण, अजगर, मांडूळ, नाग घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला, तरी भारतात त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते.)

पहिलं काम म्हणजे वजन. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डबा ठेवून आठवड्यातून एकदा मोजा आणि लिहून ठेवा. दीड किलोचा प्रौढ नर थंडीत दोन-तीन महिने खात नाही आणि त्याचं वजन जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम उतरतं. तो आजारी नाही. वजन दहा टक्क्यांनी घटलं, की मात्र डॉक्टर गाठा. लहान पिल्लाच्या बाबतीत तेवढीही वाट पाहू नका. डोळे दुधाळ दिसत असतील तर कात येते आहे, ती पडेपर्यंत काही देऊ नका. नवीन आणलेल्या सापाला आठवडाभर हातही लावू नका.

पेटी तपासा: गरम बाजू ३१ ते ३३ अंश, थंड बाजू २५ ते २७, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास. काचेला चिकटवलेल्या गोल तबकडीच्या तापमापकावर विश्वास नको, डिजिटल तापमापकाचा प्रोब (तारेच्या टोकाचा मोजणारा भाग) साप बसतो तिथे जमिनीलगत हवा. दोन्ही बाजूंना एकेक लपण हवं, तेही अंगाला भिंती टेकतील इतकं घट्ट. पश्चिम आफ्रिकेत हा प्राणी उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात दिवस काढतो, ऐसपैस लपणात त्याला उघड्यावर बसल्यासारखंच वाटतं.

आता खरी अडचण, खाऊ म्हणून द्यायचा मेलेला, गोठवलेला उंदीर. सापाच्या ओठांवरच्या खळग्यांना उष्णता जाणवते. खोलीच्या तापमानाचा उंदीर त्याच्या लेखी चिंधी. म्हणून नुसता 'वितळवला' म्हणजे काम झालं असं समजू नका. आदल्या रात्री झिपच्या पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. संध्याकाळी पिशवी तशीच कोमट पाण्यात अर्धा तास सोडा, मोठा उंदीर असेल तर जास्त वेळ. मग पोट बोटांनी दाबा. आत खडा लागला तर बर्फ शिल्लक आहे. असा उंदीर गिळला गेला, तर दोन दिवसांनी उलटून पडण्याची भीती असते.

यानंतर फक्त डोकं तापवायचं. ५० अंशांच्या आसपासच्या पाण्यात पिशवीचा डोक्याकडचा भाग एक-दोन मिनिटं धरा. इन्फ्रारेड तापमापकावर नाकाजवळ ३८ ते ४० अंश दिसले पाहिजेत. पूर्ण उंदीर उकळत्या पाण्यात टाकला तर कातडी सुटते, पोट फुटतं. मायक्रोवेव्हचं तर नावच काढू नका. अंग कोरडं ठेवा, कारण ओली लव बघता बघता गार होते. पिशवी फुटली असेल तर कागदाने टिपून हेअर ड्रायर फिरवा. आणि पाण्यातून काढल्यावर चिमटा शोधत बसू नका! नाक सगळ्यात आधी गार पडतं, हातात जेमतेम मिनिट-दीड मिनिट असतं.

वेळ रात्रीची, खोलीत अंधुक उजेड. किमान तीस सेंटिमीटरचा चिमटा घ्या. चिमट्याने उंदराला त्याच्या कमरेच्या वर पकडा, शेपटीला लोंबकळत नाही. तोंड सापाकडे करून वीतभर अंतरावर जमिनीलगत आणा आणि चालत-थांबत यावा तसा सरकवा. सापाच्या नाकावर आपटू नका, भित्रा साप तिथेच मान आत घेतो. जीभ भराभर हलू लागली आणि मानेला इंग्रजी एससारखा बाक आला, की हात जागीच थांबवा. झडप घालून त्याने वेटोळं आवळलं, की दोन-तीनदा हलकेच हलवा, मग स्तब्ध. फोटो नंतर.

डोकं मागे घेऊन तो लपणात शिरला, तर प्रयत्न संपला. उंदीर लपणाच्या तोंडाशी ठेवून पेटी बंद करा आणि निघून जा, रात्रीतून काही साप निवांतपणे गिळतात. सकाळी उरला तर फेकून द्या, पुन्हा गोठवू नका. पुढचा प्रयत्न सात ते दहा दिवसांनी. रोज ताट वाढून समोर बसलात, तर उंदराचा वास म्हणजे त्रास एवढंच तो शिकतो.

तीन-चार नकारांनंतर एकाच गोष्टीत बदल करा: लहान आकार, किंवा ज्या जातीचा उंदीर तो आधी खायचा त्या जातीच्या उंदरांच्या पिंजऱ्यातला भुसा द्यायच्या उंदराच्या अंगाला चोळणं. जिवंत उंदीर सोडून झोपायला जाऊ नका, भुकेला उंदीरच सापाला कुरतडतो. जेवणासाठी वेगळ्या डब्यात हलवण्याची पद्धतही सोडा, उचललं की अनेक बॉल पायथन खाणं विसरतात.

तोंडाशी बुडबुडे, श्वासाला घरघर, हिरड्यांवर पिवळा चीजसारखा थर, किंवा पाण्याच्या भांड्यात हलणारे काळे ठिपके दिसले, तर प्रयोग बंद करून सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य शोधा. खाल्ल्यावर उलटी झाली तर चौदा दिवस काहीच नाही, फक्त पाणी. त्यानंतर नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर, आणि जेवणानंतर अठ्ठेचाळीस तास सापाला हात नाही.