क्युबातल्या त्रिनिदादचा नकाशा वर्गात कसा काढावा

आधी घोटाळा मिटवा: हे वेस्ट इंडीज क्रिकेटमधलं त्रिनिदाद बेट नव्हे. हे क्युबाच्या सांक्ती स्पिरितुस प्रांतातलं, १५१४ मध्ये वसलेलं गाव.

मोठा ड्रॉइंग पेपर आडवा धरा. प्रमाण १ सेंटिमीटर = १ किलोमीटर. मधोमध गाव, खाली साधारण ६ सेंटिमीटरवर कासिल्दा बंदर, वरच्या बाजूला एस्कांब्राय डोंगर, उजवीकडे वर साखरेचं खोरं. मुलं बंदर गावालाच चिकटवतात; मग साखर बंदरापर्यंत वाहून न्यावी लागे, हेच नकाशात दिसत नाही.

चिकोडी-निपाणीच्या मुलांना विचारा, तोडलेला ऊस फडातच पडून राहिला तर काय होतं? वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो. म्हणूनच त्या खोऱ्यात पन्नासहून जास्त घाणे होते, तेही उसाला लागूनच. तिथे मानाका इस्नागा या ऊसमळ्याचा सुमारे ४५ मीटर उंच मनोरा ठळक काढा. त्यावरून गुलामांवर पाळत ठेवत. हे सांगायचं अजिबात टाळू नका. क्युबातली गुलामगिरी १८८६ मध्ये संपली.

साखरेचा पैसा आटला, नवी बांधकामं थांबली, जुनी घरं तशीच राहिली. १९८८ पासून गाव आणि खोरं दोन्ही जागतिक वारसा यादीत आहेत. दोघांभोवती एकाच रंगाची रेघ मारा.