दोन वर्षं झाली, अजून बोलत नाही: घरी काय करायचं?

"याचा बाबासुद्धा उशिराच बोलला," असं कोणीतरी म्हणतंच. कोणी वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगतं. ऐकून घ्या, पण त्यात सहा महिने घालवू नका. दोन वर्षांचं मूल साधारण ५० शब्द बोलतं, 'बाबा ये' असे दोन शब्द जोडतं. तसं होत नसेल तर आधी कान तपासा. आलेले शब्द नाहीसे झाले असतील तर आजच डॉक्टर गाठा.

"टीव्ही लागला की धावत येतो, ऐकू येतं की!" हा पुरावा धरू नका. टीव्ही ऐकू येतो, पण 'स', 'फ' निसटतात, असंही होतं. ओएई आणि बेरा या कानाच्या चाचण्यांत मुलाला काही सांगावं लागत नाही. बेरा तर बहुधा झोपेतच करतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची सरकारी संस्था आहे. इतरत्र अंगणवाडीताईंना 'आरबीएसके'चं, म्हणजे मुलांची तपासणी करणाऱ्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक कधी येणार ते विचारा. पुढच्या तपासणीसाठी ते जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात.

स्पीच थेरपी आठवड्यातून तासभर. बाकीचा आठवडा आपला.

सगळ्यात आधी "काऊ म्हण, म्हण ना" बंद. पाहुण्यांसमोर तर नकोच. त्याऐवजी मटार सोलायला बसा. शेंग हातात धरा, "उघडू?" म्हणा आणि गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा. हेच सगळ्यात अवघड, कारण तिसऱ्या आकड्यालाच आपण बोलून टाकतो. त्याने नुसतं बघितलं, बोट दाखवलं, "उघ" म्हटलं, काहीही चालेल. "उघड! शेंग उघड!" म्हणत शेंग फोडा. त्याच्यापेक्षा एखादाच शब्द जास्त, आणि "नीट म्हण" नाही. बोलल्याशिवाय बिस्किट द्यायचं नाही, हा हट्ट मला पटत नाही. त्यातून शब्द कमी, रडणंच जास्त निघतं.

रोजचं बडबडगीत म्हणताना शेवटचा शब्द गाळा, वाट बघा. जेवताना मोबाइल नको. घास भरवताना तोंडासमोर तोंड असतं, ती वेळ वाया जाते.

मराठी सोडून इंग्रजी सुरू करायची गरज नाही. दोन भाषांमुळे हा दोष होत नाही. आजी मालवणीत बोलत असेल तर बोलू दे.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नवा शब्द तारखेच्या चौकोनात लिहा. कुत्र्याला 'भू' म्हणत असेल तर तोही शब्दच. थेरपिस्टकडे जाताना ते पान सोबत न्या.